आगीकडचं सातवं काम

हिवरखडीच्या नवजीवन माध्यमिक विद्यालयाला आगीचं पत्र आलं ते डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारच्या टपालात. मजकूर नेहमीसारखा थोडक्यात होता. गुरुवार दिनांक अठरा रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळेत येत आहे, मुक्काम अंदाजे सव्वा तास, पुढील वाटचाल परिस्थितीनुसार, कळावे.

मुख्याध्यापक घोलप सरांनी पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि समासात लिहिलं, 'श्रीमती खुरपे, पुढील कार्यवाहीसाठी.' तुळशीराम शिपायाने ते सातवीच्या वर्गात नेऊन शालन खुरपे बाईंच्या हातात दिलं. बाईंचा कार्यानुभवाचा तास चालू होता. मुलं कागदी पिशव्या चिकटवत होती. बाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि उरलेल्या पिशव्या पुऱ्या करून घेतल्या.

शालनबाई शाळेच्या अग्निसुरक्षा प्रमुख होत्या. चार वर्षांपूर्वी हे पद शाळेत आलं तेव्हा बाई पुतणीच्या लग्नाला गेल्या होत्या, आणि त्या परत येईपर्यंत त्यांची एकमताने निवड झालेली होती. तसं त्यांच्याकडे बरंच काही होतं. स्नेहसंमेलनाचे हार, सहलीची उलटीची औषधं, पाण्याच्या टाकीची सफाई, हुतात्मा दिनाचं मौन. चोवीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी कुठल्याही कामाला नाही म्हटलं नव्हतं. मनातून नाही म्हणत, पण ते ओठांवर येईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे.

त्या भागात शाळांना आग पंधरा दिवस आधी कळवते. दुकानांना, गोदामांना ती कळवत नाही. त्यामुळे शाळांना ही मोठीच सवलत आहे, असं सगळे मानतात. तिच्या काही अटी असतात, त्याही सर्वांना ठाऊक आहेत. त्या दिवशी शाळा भरलेली हवी. शेजारच्या गावातल्या शाळेने एकदा मुद्दाम सुट्टी दिली होती, तर आग पुढच्या सोमवारी न कळवता प्रार्थनेच्या वेळी आली. आणि दुसरी अट म्हणजे, आगीच्या वेळेआधी दहा मिनिटांपेक्षा लवकर इमारत रिकामी केली, तर तीही सुट्टीच धरली जाते.

बाईंनी कपाटातून शाळेचा अग्निसुरक्षा आराखडा काढला. त्यात सात कामं होती. घंटा वाजवणे, विजेचा मेन स्विच बंद करणे, खिचडीच्या गॅसचा सिलिंडर बंद करणे, वरच्या मजल्यावरची मुलं मागच्या जिन्याने खाली आणणे, अग्निशमन केंद्राला फोन करणे, मैदानावर हजेरी घेणे, आणि सातवं, सर्व खोल्या रिकाम्या असल्याची खात्री करून सर्वांत शेवटी बाहेर पडणे. प्रत्येक कामापुढे नाव होतं. त्यातले दोघे निवृत्त झाले होते, एकाची बदली झाली होती, आणि मेन स्विच ज्यांच्याकडे होता ते कुलकर्णी सर दोन वर्षांपूर्वी वारले होते.

गुरुवारी शाळा सुटल्यावर सभा झाली. बाईंनी सगळी कामं नव्याने वाटली. कुणी हरकत घेतली नाही. आराखडा फार विचारपूर्वक केलेला आहे असं गणिताचे पाटसकर सर म्हणाले, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. पाटसकर सर शाळेतले सर्वांत ज्येष्ठ शिक्षक होते. त्यांनी मान हलवली की सभा संपली असं समजायची पद्धत होती.

शुक्रवारपासून कामं परत यायला लागली.

पहिले आले पाटसकर सरच. त्यांच्याकडे मैदानावरची हजेरी होती. ते म्हणाले की आपण बीजगणित शिकवतो, माणसं मोजणं हा प्राथमिकचा अभ्यासक्रम आहे आणि आपण त्यात हात घातला तर प्राथमिकच्या शिक्षकांचा अवमान होईल. तुळशीराम म्हणाला की अकरा तीसला कुठलाच तास संपत नाही, मग घंटा कुठल्या नियमाने द्यायची. बाईंनी लेखी आदेश काढला, तेव्हा त्याने अठरा तारखेची मंजूर झालेली रजा दाखवली. विज्ञानाच्या बाई प्रशिक्षणाला निघाल्या होत्या. शारीरिक शिक्षणाच्या सरांना धुराची सवय नव्हती. फोनचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांचा फोन दुरुस्तीला गेला.

काम परत आलं नाही ते फक्त कौसाबाईंचं. कौसाबाई शाळेत खिचडी शिजवत. बाई त्यांना विचारायला गेल्या तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सिलिंडर माझ्या हातातला आहे, बाई. दुसरं कोण बंद करणार?"

बुधवारपर्यंत सातातली सहा कामं शालनबाईंकडे होती.

शाळा सुटल्यावर बाईंनी घड्याळ लावून एकटीने सगळं करून पाहिलं. घंटेपासून स्विचपर्यंत, तिथून कचेरीतल्या फोनपर्यंत, मग वर, मागच्या जिन्याने खाली आणि मैदानावर. मागच्या जिन्यात मोडके बाक रचलेले होते. ते हलवायला घोलप सरांची परवानगी लागते, आणि बाक मोडलेत अशी नोंद कुठेच नसल्यामुळे ते ती देऊ शकत नव्हते. कौसाबाई पदर खोचून आल्या आणि दोघींनी ते बाक परवानगीशिवाय मागच्या पडवीत नेऊन ठेवले. पुन्हा घड्याळ लावलं. पाच कामांना दहा मिनिटं लागली. सातव्याला, म्हणजे एकेक खोली उघडून बघायला, वरची नऊ. एकूण एकोणीस. आगीची सवलत दहाची होती. बाई पायरीवर बसल्या. घरी जायला उठल्या तेव्हा कौसाबाईंनी पातेली घासून पालथी घातली होती.

पत्राच्या तळाशी एक ओळ होती: 'शंका असल्यास शुक्रवारी चार ते पाच, गावाबाहेरील वीटभट्टी.' बाई शुक्रवारी अर्धा तास आधी निघाल्या. भट्टीवरच्या मुकादमाने कोणाकडे काम आहे ते विचारलं आणि तिसऱ्या तोंडाकडे बोट केलं. दुसऱ्या एका शाळेचे क्लार्क आधीपासून बसले होते. त्यांचं झाल्यावर बाईंचा नंबर आला.

आग तिथे बेताची होती. आवाज खालचा आणि जरा घोगरा. तिने बाईंना विटेवर बसायला सांगितलं.

बाईंनी आधी तारीख बदलून मागितली. दहावीची सराव परीक्षा त्याच आठवड्यात होती. आगीने सांगितलं की आता एकदम मार्चमध्ये जागा आहे, आणि तेव्हा बोर्डाची परीक्षा असते. बाईंनी तो विषय सोडला. मग 'परिस्थितीनुसार' या शब्दाचा अर्थ विचारला.

"दारं उघडी दिसली की पुढं जावंसं वाटतं," आग म्हणाली. "बंद असली की मी विचार करते."

बाईंनी वहीत लिहून घेतलं, दारं लावणे. मग त्यांनी आराखडा उघडला आणि अडचण सांगितली. आगीने प्रत्येक काम कोणाकडे आहे ते विचारलं. पहिलं माझ्याकडे, दुसरं माझ्याकडे, असं सांगत बाई सातव्यापर्यंत आल्या. भट्टीतल्या विटा तेवढ्या तडकत होत्या.

"चौदा माणसं आहेत म्हणालात ना तुमच्या शाळेत?"

"आहेत."

"मग?"

बाईंनी आराखड्याचं पान सरळ केलं. त्या म्हणाल्या, "पाच कामं दहा मिनिटांत बसतात. सातवं बसत नाही. तुम्ही तशाही सगळ्या खोल्यांतून जाणार. तर आधी एकदा रिकाम्या आहेत का बघून घ्याल का?"

आगीने विचारलं, म्हणजे नेमकं काय करायचं. बाईंनी शिकवण्याच्या सवयीने सांगितलं: प्रत्येक खोलीत डोकवायचं, कुणी नसेल तर दार लावून पुढच्या खोलीकडे जायचं, बाकाखालीही बघायचं, स्वच्छतागृह विसरायचं नाही. कुणी असलंच तर दार वाजवायचं आणि ते बाहेर पडेपर्यंत तिथेच थांबायचं.

"थांबणं मला जमत नाही, बाई. मला आजवर कुणी काम सांगितलेलं नाही. लोक येतात ते पाणी घेऊनच. मी प्रयत्न करीन."

"प्रयत्न नको," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे सगळे प्रयत्नच करतात."

आगीने जागच्या जागी स्थिर राहून पाहिलं. मग म्हणाली, "थांबेन." आणि आदेश लेखी मागितला.

सोमवारी घोलप सरांनी फाईल पाहिली. बाहेरच्याला काम देता येतं का, एवढंच त्यांनी विचारलं. आराखड्याच्या शेवटच्या पानावर 'आवश्यकतेनुसार स्थानिक सहकार्य घ्यावे' असं छापलेलं होतं. आग स्थानिक होती. सरांनी सही केली. आदेश जावक क्रमांक टाकून भट्टीवर रवाना झाला, आणि त्याची एक प्रत फळ्यावर लागली.

ती वाचून पाटसकर सर दुखावले. सर्वांत शेवटी बाहेर पडण्याचा मान ज्येष्ठतेनुसार आधी आपल्याला विचारायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं होतं. बाई म्हणाल्या, मग अजूनही घ्या. सर म्हणाले, प्रश्न घेण्याचा नाही, विचारण्याचा आहे. त्यांनी दोन पानी हरकत अर्ज दिला आणि त्याचा निकाल लागेपर्यंत आपण हा आदेश मानत नाही असं कळवलं. घोलप सरांनी अर्जावर लिहिलं, 'पाहिले.'

गुरुवारी बरोबर अकरा तीसला शालनबाईंनी घंटा दिली. स्विच खाली ओढला. अग्निशमन केंद्र अठ्ठावीस किलोमीटरवर होतं. तिथल्या माणसाने पत्ता लिहून घेतला आणि आग आली आहे का विचारलं. यायची आहे, असं बाईंनी सांगितलं. मग त्या वर गेल्या आणि तिन्ही वर्ग मागच्या जिन्याने खाली उतरवले. मुलं शहाण्यासारखी उतरली. शिक्षकही आपापले डबे घेऊन उतरले. कौसाबाई सिलिंडरची चावी कमरेला लावून मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

दोनशे शहाऐंशी मुलं मोजून झाली तेव्हा अकरा चाळीस व्हायला अर्धं मिनिट होतं. एकही कमी नव्हतं. बाईंनी शिक्षक आणि कर्मचारी मोजले. तुळशीराम आणि विज्ञानाच्या बाई सोडून बारा हवेत. अकरा होते. त्यांनी पुन्हा मोजले. पाटसकर सर नव्हते.

ते वर शिक्षक खोलीत बसून सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. घंटा त्यांनी ऐकली होती. पण ती तुळशीरामने दिलेली नव्हती, हे त्यांना वाजवण्यावरून कळलं, आणि म्हणून त्यांनी ती धरली नाही.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून धूर दिसला तो अकरा चाळीसला. आधी पांढरा, मग काळसर. काचा फुटल्या. कुणीतरी पाटसकर सरांचं नाव घेतलं आणि मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली.

घोलप सर बाईंजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्ही जरा वर जाऊन बघून येता का?"

बाईंचा पाय उचलला गेला होता. काम ऐकलं की पाय उचलायचा एवढं त्यांना पाठ होतं. वर जायला दोन मिनिटं पुरली असती. पण त्या गेल्या की ओळी मोडणार होत्या, धाकटी मुलं रडत घराकडे, भावाकडे, दप्तराकडे धावणार होती, आणि मग कोण कुठे आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. दुसरीकडे, आगीने शब्द मोडला तर वर एक माणूस होता, आणि तिला ते काम बाईंनीच दिलं होतं. त्यांनी हजेरीपट छातीशी धरला.

"ते काम माझ्याकडे नाही, सर," त्या म्हणाल्या.

घोलप सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

आग प्रयोगशाळेतून बाहेर आली होती. वरची गॅलरी मैदानावरून सबंध दिसते. ती नववीच्या वर्गाशी आली, दारातून आत वाकली, बराच वेळ बघत राहिली, बहुधा बाकांखाली, आणि दार ओढून घेऊन पुढे निघाली. दहावी अ. दहावी ब. प्रत्येक दार तिने लावलं. मग ती शिक्षक खोलीपाशी आली आणि थांबली.

पुढचं दोघांच्याही सांगण्यावरून नंतर कळलं, आणि दोघांचं सांगणं जुळलं. आगीने दार तीनदा वाजवलं. सरांनी कोण आहे ते विचारलं. आगीने नाव सांगितलं आणि खोली रिकामी करायची आहे म्हणाली. कोणाच्या आदेशाने, असं सरांनी विचारलं. तिने जावक क्रमांक आणि तारीख तोंडपाठ सांगितली. सर म्हणाले की त्या आदेशावर आपली हरकत आहे आणि तिचा निकाल यायचा आहे. आग म्हणाली, बरं, मी थांबते.

ती अकरा मिनिटं थांबली. खालून दिसत होतं की थांबणं तिला सोपं जात नाही. ती वर चढे, आखडून खाली येई, पुन्हा चढे. तिच्या डोक्यावरच्या छताचा रंग आधी पिवळा झाला, मग तपकिरी झाला, मग त्याला फोड आले. पाचवीतल्या एका मुलीने बाईंचा पदर धरला होता आणि बाईंनी तो सोडवून घेतला नाही. कौसाबाई येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

आत सरांना घाम यायला लागला होता. पेपरावरची शाई पसरत होती. त्यांनी दाराकडे पाहून विचारलं, तुम्ही अजून आहात का? आहे, असं उत्तर आलं. किती वेळ थांबणार? आगीने सांगितलं की आदेशात मुदत लिहिलेली नाही. सरांच्या म्हणण्याप्रमाणे, एवढ्या वर्षांत त्यांच्या हरकतीचा इतका मान कुणीच राखला नव्हता. त्यांनी अडतीस पेपर एकत्र बांधले, लाल पेनाला टोपण लावलं आणि दार उघडलं. आग दोन हात मागे सरकली.

ते मागच्या जिन्याने उतरले. एका बाजूने लंगडत होते, कारण त्यांचा गुडघा दुखत असे. पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जावं तशी आग त्यांच्यामागून जिन्याच्या तोंडापर्यंत आली. सर मैदानावर पोचले तेव्हा बाईंनी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे खूण केली. बारा.

"अर्जाचा निकाल मला लेखी हवा," पाटसकर सर म्हणाले. मग एकदम खाली बसले आणि कौसाबाईंनी त्यांना पाणी दिलं.

आग परत वर गेली. तिने उरलेली दोन स्वच्छतागृहं बघितली, खाली येऊन पाच वर्ग आणि कचेरी बघितली, आणि मग प्रयोगशाळेत जाऊन आपलं काम सुरू केलं. प्रयोगशाळा पूर्ण गेली. शेजारच्या नववीच्या वर्गाचं दार बंद असल्याने ती तिथेच अडली. बारा पंचावन्नला ती निघून गेली. बंब एक वीसला आला. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं होतं. जवानांनी जे उरलं होतं त्यावर पाणी मारलं. त्या दिवशी खिचडी दोनला झाली आणि कुणी तक्रार केली नाही.

शनिवारी आगीचा अहवाल आला. 'सर्व खोल्या तपासल्या. बाकांखाली पाहिले. एक व्यक्ती आढळली, बाहेर पडेपर्यंत थांबले. विलंब अकरा मिनिटे.' बाईंनी तो टेबलावर ठेवून दोनदा वाचला. न मागता, वेळेत आलेला अहवाल त्यांच्या टेबलावर याआधी आला नव्हता. फाईल करायच्या आधी त्यांनी तो दुपारभर टेबलावरच राहू दिला.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली आणि आराखड्याची सभा ठरली. सभेच्या आधीच पाटसकर सरांनी सूचना मांडली की आगीने सातवं काम इतकं चोख केलं, तर उरलेली सहाही तिच्याकडेच द्यावीत. सगळ्यांना ती पटली. घोलप सरांनी सही केली. शालनबाई तो आदेश घेऊन शुक्रवारी भट्टीवर गेल्या.

आगीने कागद वाचला आणि परत दिला. आपल्याकडे एकच काम आहे, ती म्हणाली, आणि तेवढं आपण दरवर्षी करू. बाकीची तुमच्या माणसांना सांगा.

"सांगते मी," बाई म्हणाल्या. "ऐकत नाहीत."

"सभा कधी आहे?"

"मंगळवारी. चार वाजता."

"येते."

मंगळवारी आग चारला पाच कमी असताना आली. कमरेएवढी होऊन आली होती. सभेला त्याहून मोठं होऊन येणं बरं दिसलं नसतं. घोलप सरांनी खुर्ची पुढे केली, पण खुर्ची लाकडी होती, म्हणून ती खिडकीजवळ फरशीवर बसली. तिने काहीच सांगितलं नाही. बाई एकेक काम वाचत गेल्या आणि आग त्या त्या वेळी ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे बघत गेली. घंटा तुळशीरामने घेतली. मेन स्विच आणि फोन दोघांनी आपणहून मागून घेतले. वरच्या वर्गांचं काम शारीरिक शिक्षणाच्या सरांनी घेतलं. मैदानावरच्या हजेरीपाशी पाटसकर सरांनी हात वर केला आणि कौसाबाई सिलिंडरचं सांगायला दारात येऊन गेल्या. सभा बारा मिनिटांत संपली. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर बाईंनी कागद पाहिला. देखरेख सोडून त्यांच्या नावापुढे काही नव्हतं. त्यांनी तो पुन्हा वरून खाली वाचला, कुठे काही सुटलं आहे का म्हणून, आणि मग घडी घातली.

चहा आला. आगीने नको म्हटलं, भट्टीवर पाळी आहे म्हणाली. मैदानात मुलं असताना पाहुण्याला एकट्याने जाऊ द्यायचं नाही अशी शाळेची पद्धत आहे, म्हणून शालनबाई तिला फाटकापर्यंत सोडायला निघाल्या. मैदानात आठवीच्या मुलींचा खो-खो रंगात आला होता. त्यांनी खेळ न थांबवता दोघींना वाट करून दिली.